बाबा पंपावर होते

गेल्या रविवारी शेजारच्या आजोबांकडे गेले आणि त्यांना सांगितलं, की मी तुमच्याशी खोटं बोलले होते. पंधरा दिवस ते मनात सलत होतं. आता सांगून झालंय, म्हणून लिहायला बसले आहे.

सुरुवात झाली डुग्नादच्या दिवशी. डुग्नाद म्हणजे आपलं श्रमदानच, फक्त इथे नॉर्वेत ते सोसायटीत वर्षातून एकदोनदा ठरलेलंच असतं आणि यायचंच असतं. ट्रॉन्डहाइमला हिवाळाभर वाटांवर बर्फ असतो. पाय घसरू नये म्हणून त्यावर बारीक खडी टाकतात. एप्रिलअखेर बर्फ वितळला, की ती सगळी खडी झाडून गोळा करायची. मला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना एकच कोपरा आला होता. चार वर्षं आम्ही जिन्यात एकमेकांना नुसतं ‘हाय’ म्हणत होतो. त्या दिवशी त्यांनी विचारलं, “तू भारतात नेमकी कुठली?”

मला एवढंच हवं होतं.

मी अलोऱ्याची. चिपळूण तालुक्यात, कोयना प्रकल्पाच्या कॉलनीत वाढलेली. नॉर्वेची बहुतेक वीज पाण्यावर तयार होते, त्यामुळे इथल्या माणसाला ‘आमच्याकडेही आहे’ हे सांगायला मी नेहमीच टपलेली असते. मी सुरू केलं. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट. महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी जलविद्युत योजना. आणि १३ मार्च १९९९ ला आमच्याकडे लेक टॅपिंग झालं, भारतातलं पहिलं! शिवसागर जलाशय रिकामा न करता, खालून बोगदा खणत नेऊन, शेवटचा खडक स्फोटाने उडवून पाणी आत घेतलं. आणि मग, झाडू हातात धरून, मी म्हणाले, “माझे बाबा त्या स्फोटाच्या टीममध्ये होते.”

आजोबांनी झाडू भिंतीला टेकवला. हातमोजे काढले. चेहरा असा उजळला, की मला वाटलं, बसला आपला ठसा. मग त्यांनी विचारलं, वर पाणी किती खोल होतं? शेवटचा खडक किती जाडीचा ठेवला होता? आणि फुटलेला दगड पडायला खाली जो खड्डा करतात, तो कोरडा ठेवला होता की पाण्याने भरलेला? मला एकाचंही उत्तर माहीत नव्हतं. “बाबांना विचारून सांगते,” म्हणाले. ते म्हणाले, “नक्की विचार. मला खरंच ऐकायचंय.”

नंतर वाफल आणि कॉफी. वाफलवर तपकिरी चीज. सोसायटीच्या अध्यक्षबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. आजोबांना कोयनेबद्दल सांगत होते, असं मी म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “त्यांना आवडलं असणार. त्यांची सगळी नोकरी त्यातच गेली.” तळ्याखालून बोगदा काढायचं हे तंत्र मुळात नॉर्वेचंच, आणि आजोबांनी असे कितीतरी बोगदे स्वतः उभं राहून फोडून घेतले होते. माझ्या समोर अर्धा तास उभा राहून हा माणूस त्यातलं एक अक्षर बोलला नव्हता.

त्या वाफलचा घास मला गिळवेना. पकडले गेल्याची भीती होतीच, पण जास्त बोचत होतं ते वेगळंच. त्यांनी माझी परीक्षा घेतली नव्हती. माणूस परीक्षा घेत असला की आपल्याला कळतं, नजरेतच ते असतं. ते खरोखर ऐकत होते. आपल्याला जे पाठ आहे, ते दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकावं तसं. ‘हे मी केलंय बरं का’ असं मध्ये म्हटलं असतं, तर माझा सूर तिथेच उतरला असता, हे त्यांना ठाऊक असणार. म्हणून ते गप्प राहिले, असं मला आज वाटतं.

पण ते लपवणारेही नाहीत, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच आठवड्यात सोसायटीची बैठक झाली. तळघराच्या एका भिंतीला ओल येते. दोन तरुण मंडळी भिंतीलगत खणून काढायचं म्हणत होती, खर्चाचा आकडाही काढून आणला होता. आजोबा उभे राहिले आणि म्हणाले, “पाण्याचं मला कळतं. आयुष्यभर तेच काम केलंय. हे पाणी भिंतीतून येत नाही, वरच्या वाटेच्या उतारावरून येतंय. इथे खणू नका.” आणि खाली बसले. ‘मी काय सांगणार, मी लहान माणूस’ अशी प्रस्तावना नाही, अनुभवाची यादी नाही. जेवढं कामाला लागतं तेवढंच स्वतःबद्दल बोलले. त्यानंतर ज्या मुलाने खणायचं सुचवलं होतं, त्याच्याकडे वळून म्हणाले, “आकडे मात्र तू नीट काढलेस. उताराच्या कामालाही ते लागतील.” तो मुलगा बैठक संपेपर्यंत उत्साहात होता. माझ्या डोळ्यांपुढून हे जात नाही.

आता थोडं माझ्या बाजूने.

फुशारकी मारायची सवय मला हौस म्हणून लागली नाही. अलोऱ्याच्या कॉलनीतून पुण्याच्या कॉलेजात गेले, तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुलांचं इंग्रजी माझ्यापेक्षा सफाईदार होतं आणि उरलेल्यांचे काका-मामा कुठल्या ना कुठल्या कंपनीत होते. कॅम्पस मुलाखतींच्या तयारीत सरांनी मला उभं करून सांगितलं होतं, “आम्ही आम्ही काय करतेस? मी म्हण. मी केलं, मी उभारलं.” मी महिनाभर आरशापुढे ते घोटलं. नोकरी लागली. ज्याच्यासाठी शब्द टाकणारं कुणी नाही, त्याला आपला डंका आपणच पिटावा लागतो. ते चूक होतं, असं मी आजही म्हणणार नाही. ज्यांची ओळख आधीच झालेली असते, त्यांना गप्प राहणं परवडतं.

आणि इथल्या नम्रतेचे मला वळसेही माहीत आहेत. यांतेलोव म्हणून दहा नियम इथे सगळ्यांना तोंडपाठ असतात. पहिलाच नियम असा, की आपण कुणीतरी विशेष आहोत असं समजू नकोस. परदेशी लोक हे मोठ्या कौतुकाने सांगतात. पण ते नियम १९३३ सालच्या एका कादंबरीतून आले आहेत आणि तिथे ते छोट्या गावाच्या जाचाचं वर्णन म्हणून येतात, आदर्श म्हणून नव्हे. वर मान काढली की खाली दाबायची, हा तो जाच. इथे उत्तम कामालाही ‘इक्के सो वेर्स्त’, म्हणजे ‘तितकंसं वाईट नाही’, एवढंच म्हणतात. पहिल्या वर्षी मी एका प्रकल्पासाठी रात्री जागले आणि शेवटी हे ऐकलं, तेव्हा घरी येऊन रडले होते. माझ्या आईने दोन पोळ्या जास्त फुगल्या तरी मला शाबासकी दिली आहे. दुसऱ्याला मोकळेपणाने वाखाणणं यात आपण यांच्या कितीतरी पुढे आहोत आणि ते मला सोडायचं नाही.

राजाचा तो फोटोही इथे नवीन आलेल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी दाखवतंच. डिसेंबर १९७३, तेलटंचाई, शनिवार-रविवार खाजगी गाड्यांना बंदी, आणि राजे ओलाव स्की घेऊन लोकल गाडीत बसलेत, तिकिटाचे पैसे पुढे करतायत. सुंदर फोटो आहे. पण मला तो दाखवणाऱ्यांच्या आवाजातही एक तोरा असतो, हे मी अनेकदा ऐकलंय.

शिवाय नम्रता काय यांनीच शोधून काढली? माझी आजी पाटण तालुक्यातली, माळकरी. तिच्याबरोबर लहानपणी एकादशीला कीर्तनाला जायचे. कीर्तन संपलं की सगळे एकमेकांच्या पाया पडायचे. आजी दुसऱ्या बाईच्या पायाशी वाकायची, तीच बाई त्याच वेळी आजीच्या पायाशी वाकायची, दोघींची डोकी एकमेकींना लागायची, आणि दोघी “माउली, माउली” म्हणत हसायच्या. तिथे सरपंचाची बायको कोण आणि शेतमजूर कोण, हे कळायचं नाही. एवढं आपल्याकडे आहे. पण देवळाच्या पायऱ्या उतरलो की ते आपण तिथेच ठेवून येतो, हेही खरं. निदान मी तरी ठेवलं होतं.

माझ्या आधीच्या वरिष्ठांनी एकदा कामाच्या वार्षिक आढाव्यात मला विचारलं होतं, “तू हे केलंस, ते केलंस, हे कळलं. त्या वेळी तुझ्याबरोबर आणखी कोण होतं?” मला तेव्हा तो अपमान वाटला. माझं श्रेय कमी करायला बघतायत, असं नवऱ्याला रात्रभर सांगत होते. खडी झाडताना आजोबांनी जे विचारलं, तो प्रश्नही तसाच होता, फुशारकीवरून प्रत्यक्ष कामाकडे नेणारा. फक्त त्यात त्यांची माया होती, म्हणून तो आत पोचला.

डुग्नादच्या दिवशीच संध्याकाळी बाबांना फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते. विचारलं, “बाबा, लेक टॅपिंगच्या वेळी तो खालचा खड्डा कोरडा ठेवला होता की भरलेला?”

“कुणाला माहीत गं. ते साहेब लोकांचं काम.”

“पण तुम्ही होतात ना तिथे?”

“मी पंपावर होतो. बोगद्यात पाझर यायचा, ते पाणी काढायला पंप लागायचे. माझी रात्रपाळी असायची. स्फोटाच्या दिवशी तर आम्हाला सगळ्यांना आधीच बाहेर काढलं होतं.”

मी तेव्हा पाचवीत होते. कॉलनीत कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. शाळेत मी सांगितलं, माझे बाबा स्फोट करणार आहेत. मग ते कॉलेजात सांगितलं, मुलाखतीत सांगितलं, लग्न ठरताना सासरी सांगितलं. सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं. आणि त्या सव्वीस-सत्तावीस वर्षांत मी बाबांना एकदाही विचारलं नाही, की तुम्ही नेमकं काय करत होतात? पंपावर असणं मला पुरेसं वाटलं नसतं, म्हणून. हे लिहिताना हात जड होतोय.

म्हणून रविवारी वरच्या मजल्यावर गेले. दारातच सांगितलं. माझे बाबा स्फोटाच्या टीममध्ये नव्हते, पंप चालवायचे, मी तुम्हाला वाढवून सांगितलं, माफ करा. आणि तुम्ही कोण आहात, हेही मला कळलंय.

आजोबा म्हणाले, “आत ये. चहा की कॉफी?”

कॉफी ओतून झाल्यावर म्हणाले, “स्फोटाचं काम काही सेकंदांचं असतं. त्याच्या आधी महिनोन्‌महिने माणसं त्या बोगद्यात उतरत असतात, वर अख्खं तळं असतं. पंप बंद पडला तर काय होतं, मी पाहिलंय.” मग त्यांनी जे विचारलं त्याला मी तयार नव्हते. “वडिलांचं नाव काय?” मी सांगितलं. त्यांनी ते तीनदा म्हणून पाहिलं. ‘ळ’ जमेना, तरी सोडलं नाही. चौथ्यांदा बरंच जवळ आले.

आणि म्हणाले, त्यांना वेळ असेल तर मला बोलायला आवडेल.

व्हिडिओ कॉल तिथूनच लावला. बाबा बनियनवर होते, घाईने शर्ट घालून आले. मी मध्ये, दुभाषी. पहिली पाच मिनिटं बाबा फक्त “हो, हो” म्हणत होते. समोर मोठे साहेब आहेत, एवढंच त्यांना कळलं होतं आणि ते ताठ बसले होते. मग आजोबांनी विचारलं, पंपाची जाळी गाळाने तुंबायची तेव्हा काय करायचात? बाबा हलले. खुर्ची पुढे ओढली. हाताने पाइपाची जाडी दाखवली, जाळी कशी वर ओढायचो, कशी झटकायचो, थंडीत बोटं कशी आखडायची. मला मराठीतही यातलं काही माहीत नव्हतं. आजोबा मान डोलवत होते, मध्येच त्यांनीही हाताने एक आकार करून दाखवला, बाबा म्हणाले “हां, तसलाच!” आणि काही वेळ त्या दोघांना माझी गरजच लागली नाही.

आजोबांनी शेवटी विचारलं, त्या कामातलं काय लक्षात राहिलंय? बाबा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, आता म्हणतील, काही नाही, आपलं साधं काम. नेहमी तेच म्हणतात.

बाबा म्हणाले, “माझ्या पाळीत पंप एकदाही बंद पडला नाही.”

मी ते वाक्य नॉर्वेजियनमध्ये सांगितलं. जेवढं होतं तेवढंच. पदरचं काही घातलं नाही.