आमची वाटचाल : आधी पीआरएन द्या

२०१६ साली सांगलीत आम्ही दोघा मित्रांनी कॉलेजांच्या वेबसाइट करून द्यायला सुरुवात केली. एका कॉलेजनं ‘मूडल बसवून द्या’ म्हटलं. मूडल म्हणजे २००२ पासून फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. नोट्स, चाचण्या, गुण सगळं एका जागी. बसवून दिलं. वर्षभरात त्यावर सुट्ट्यांच्या सूचनांपलीकडं काही चढलं नाही.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं आणि फोन थांबेनात. तोवर सरांनी आपापली सोय लावली होती. कुणाचा तास झूमवर, कुणाचं गूगल क्लासरूम, बाकीचे व्हॉट्सअॅपवर, गुण एक्सेलमध्ये. हे सगळं एकमेकांना जोडून देणं, हाच मग आमचा धंदा झाला.

तांत्रिक बाजू त्या मानानं सोपी. एलटीआय नावाचं मानक आहे. मूडलमध्ये एकदा लॉगिन केलं, की ते मानक पाळणाऱ्या दुसऱ्या सेवेत पुन्हा पासवर्ड लागत नाही. तिथले गुणही मूडलमध्ये परत येतात. घोडं अडलं नावांपाशी. प्रवेशाच्या यादीत आडनाव आधी, झूमवर नुसतं ‘रेडमी’, ईमेल थोरल्या भावाचा. लग्न झालेल्या मुलींचं कागदावर माहेरचं नाव, फोनवर सासरचं. एकच मुलगी तीन ठिकाणी तीन जणी! शेवटी विद्यापीठाचा पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा नोंदणी क्रमांक, हीच प्रत्येकाची ओळख धरली. हेडक्लार्कची यादी चोख असेल तर पंधरवड्याचं काम चार दिवसांत उरकतं, हा आमचा अनुभव.

एक चूक मात्र सर्वस्वी आमची. २०२१ मध्ये सर्व्हर बदलला आणि क्रॉन सुरू करायचं राहून गेलं. मूडलची पडद्यामागची कामं क्रॉन मिनिटा-मिनिटाला उरकतो. पेपर चालू असताना कुणाचं नेट गेलं, तर वेळ संपल्यावर त्याचा पेपर जमा करून घेणं हेही त्याचंच काम. तो बंद, म्हणून कितीतरी पेपर ‘सुरू आहे’ असेच लटकलेले. निकालाच्या आदल्या रात्री प्राचार्य मॅडमचा फोन आला. नशीब, तोवर लिहिलेली उत्तरं सेव्ह होती. क्रॉन सुरू करताच पेपर जमा झाले. त्या महिन्याचं बिल आम्ही लावलं नाही.

२०२२ मध्ये मूडल ४.० आलं, त्यात थेट तासांसाठीचं बिगब्लूबटन आतच. ती जोडणी करून द्यायचं काम गेलं, तेवढे पैसेही गेले. पीआरएनच्या याद्या मात्र दर जुलैत नव्यानं जुळवाव्या लागतात. यंदा त्यासाठी एक निवृत्त हेडक्लार्कच कामावर घेतलेत.