२९ मेची कॅसेट

नोकरीपायी मी बेलग्रेडमध्ये नऊ वर्षं काढली. मराठी माणूस दिवाळीला दिसला तर दिसायचा. त्यामुळे वर्षाकाठी वाट बघावी असं स्नेहसंमेलन मला मिळालं ते भलत्याच लोकांत. आमच्या इमारतीमागच्या अंगणात, तुतीच्या झाडाखाली, दर २९ मेला त्सर्वेना झ्वेझ्दाचे जुने भक्त जमायचे. त्सर्वेना झ्वेझ्दा म्हणजे लाल तारा, बेलग्रेडचा फुटबॉल क्लब. सगळे नुसतं झ्वेझ्दा म्हणायचे, आपण घरच्या माणसाचं अर्धंच नाव घेतो तसं.

पहिल्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांनी दार वाजवलं. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला 'चिका' म्हणतात, अगदी आपल्या 'काका'च्या चालीवर. चिकांनी विचारलं, "तुमच्याकडे फुटबॉल असतो का रे, सिने?" सिने म्हणजे लेका. मी कोल्हापूरचा. मी म्हटलं, आमच्याकडे पेठेपेठेत तालीम, तालमीचं मंडळ आणि मंडळाचा फुटबॉल संघ. संघ हरला तर दोन दिवस पेठेत कोणी धड बोलत नाही. चिका म्हणाले, "मग संध्याकाळी खाली ये. खुर्ची तुझी तू आण."

मंडळ म्हणावं असंच ते होतं. नोंदणी नाही, फलक नाही, पण वर्गणीची वही होती आणि वर्गणीवरून भांडणंही होती. एक अध्यक्ष होते, त्यांचं कोणी ऐकत नसे. खजिनदार मात्र एक आजी होत्या आणि त्यांचं सगळे ऐकत. एकाचा जावई पार्टिझानवाला, म्हणजे शहरातल्याच कट्टर वैरी क्लबचा. त्याला बोलवायचे, पण बसवायचे शेगडीपाशी, धुराच्या तोंडावर. तो बिचारा वर्षानुवर्षं डोळे पुसत प्लेस्कावित्सा भाजत राहिला. प्लेस्कावित्सा म्हणजे तळहाताएवढी चपटी खिम्याची वडी. सोबत कांदा, आयवार नावाची भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरच्यांची चटणी आणि घरची राकिया, म्हणजे फळांची दारू. आणि सूर्यफुलाच्या बिया. त्या खाण्याची एक रीत आहे: बी उभी धरायची, दातानं टचकन फोडायची, गर जिभेवर घ्यायचा आणि टरफल ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर. स्टेडियमवर हजारो माणसं हेच करत सामना बघतात. मला हे जमायला तीन वर्षं लागली. तोवर आजी मला सोलून देत.

जेवण झालं की कॅसेट. सर्बियनमध्येही शब्द तोच, कासेता. १९९१ साली कोणीतरी टीव्हीवरून भरून घेतलेला सामना. पुढे त्याची डीव्हीडी झाली, मग पेनड्राइव्ह, पण म्हणायचं कॅसेटच. २९ मे १९९१, इटलीतलं बारी शहर, युरोपियन कपची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेची अंतिम लढत, समोर फ्रान्सचा मार्सेय. आता गंमत अशी की तो सामना भयंकर कंटाळवाणा आहे. एकशेवीस मिनिटं, शून्य-शून्य. प्रशिक्षक ल्युप्को पेत्रोविच यांनी पोरांना बजावलेलंच होतं की मोकळं खेळाल तर मराल, थांबा, पेनल्टीपर्यंत न्या. म्हणजे उपान्त्य फेरीत जर्मनीच्या बायर्नला लोळवणाऱ्या संघानं त्या रात्री चेंडू परत परत समोरच्याच्या स्वाधीन केला. तरी आमच्या मंडळाचा नियम होता, पुढे पळवायचं नाही. मी एकदा रिमोटला हात लावला तर अध्यक्षांनी असं बघितलं की जणू मी आरती मधूनच सोडून उठलो.

पण त्या दोन तासांतच तर खरं संमेलन व्हायचं. पडद्यावर काही घडत नसल्यामुळे सगळे बोलत. क्लबची अख्खी कुंडली मी त्या शून्य-शून्यमध्ये ऐकली. ४ मार्च १९४५ ची स्थापना. बेलग्रेड सुटलं होतं, महायुद्ध अजून संपलं नव्हतं. फॅसिस्टविरोधी तरुणांच्या संघटनेनं क्लब काढला आणि त्याच दिवशी एका सैनिकी तुकडीशी पहिला सामना खेळून ३-२ नं जिंकलाही. युद्धाआधीचा एसके युगोस्लाविया हा क्लब नव्या सरकारनं मोडला होता. त्याचं टेकडीवरचं मैदान आणि लाल-पांढरा रंग झ्वेझ्दाकडे आला. त्याच जागी १९६३ मध्ये नवं स्टेडियम उभं राहिलं. ब्राझीलच्या मैदानावरून लोकांनी त्याला मराकाना म्हणायला सुरुवात केली. एके काळी तिथे लाखाच्या वर माणूस मावत असे. आता खुर्च्या टाकल्यावर पन्नासेक हजार. २०१४ पासून त्याला राय्को मितिच यांचं नाव आहे. क्लबनं आजवर मोजक्या खेळाडूंना 'झ्वेझ्दाचा तारा' हा मान दिला: मितिच, शेकुलारात्स, जाइच, व्लादिमिर पेत्रोविच, स्टोयकोविच. सहावा मान मात्र एका माणसाचा नाही, १९९१ च्या अख्ख्या संघाचा.

चिकांची गोष्ट दरवर्षी तीच. ५ फेब्रुवारी १९५८, मँचेस्टर युनायटेड बेलग्रेडला आलेली, आणि हे बापाचा हात धरून मैदानात. मध्यंतराला ०-३. तिथून झ्वेझ्दानं ३-३ केलं. "बाप मला खांद्यावर घेऊन घरी आला," एवढं म्हणून चिका थांबायचे. दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर म्युनिकला युनायटेडचं विमान कोसळलं, तेवीस माणसं गेली. काल ज्यांना शिव्या घातल्या त्यांच्यासाठी घरी मेणबत्ती लावली, असं ते सांगत. मला ते ३-३ पेक्षा जास्त आठवतं.

धुक्याची गोष्ट मात्र सगळे एकदम सांगत. नोव्हेंबर १९८८, एसी मिलान, मराकानावर. साविचेविचच्या गोलनं झ्वेझ्दा १-० पुढे आणि इतकं दाट धुकं उतरलं की सामना थांबवावा लागला. दुसऱ्या दिवशी नव्यानं खेळवला, १-१ झाला आणि मिलान पेनल्टीवर जिंकलं. ते धुकं जणू मिलानवाल्यांनीच पिशवीतून आणून सोडलं होतं, असा अंगणाचा ठाम समज.

काही गोष्टी तिथे निघत नसत. मे १९९० मध्ये क्रोएशियातल्या झाग्रेबला, तिथल्या दिनामो संघाविरुद्धच्या सामन्यात झालेली दंगल, उत्तरेच्या स्टँडमधल्या काही पोरांनी पुढे युगोस्लाविया फुटताना झालेल्या युद्धात हातात घेतलेल्या बंदुका. मी एकदा विषय काढला. आजींनी माझ्या ताटात आणखी एक प्लेस्कावित्सा वाढली. मी समजलो. पण गप्प बसणं मला पटलं नव्हतं, आजही पटत नाही. कारण पडद्यावर जे दिसायचं ते नेमकं उलट होतं: पान्चेव मॅसिडोनियाचा, साविचेविच मॉन्टेनेग्रोचा, प्रोसिनेच्की पुढे क्रोएशियाकडून वर्ल्ड कप खेळला, बेलोदेदिच रोमानियात जन्मलेला. बारीनंतर महिन्याभरात देश फुटू लागला. डिसेंबरात टोकियोला चिलीच्या कोलो-कोलोला ३-० हरवून हा संघ जगज्जेता झाला, पण युद्धामुळे त्या मोसमात युरोपातले घरचे सामने त्याला हंगेरी-बल्गेरियात जाऊन खेळावे लागले. मग १९९२ मध्ये देशावर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आले आणि खेळाडू पांगले. युरोपातल्या त्या मोठ्या स्पर्धेच्या गटात झ्वेझ्दा परत दिसली ती २०१८ मध्ये. त्या नोव्हेंबरात पाव्कोवच्या दोन गोलांनी लिव्हरपूल हरलं तेव्हा पार्टिझानवाला जावईसुद्धा हसला. शेगडी पेटलेली नव्हती, म्हणजे डोळ्यांत पाणी होतं ते धुराचं नव्हे.

पेनल्टी आल्या की अंगण गप्प. पाच मारणारे पाच जणांना वाटून दिलेले. प्रोसिनेच्की अध्यक्षांचा. तो मारला की ते एक घोट घ्यायचे. मग आमोरोस, मार्सेयचा. त्याचा फटका कर्णधार स्टोयानोविच अडवतो, तेव्हा सगळ्यांनी एकदम टेबल बडवायचं. पिकलेल्या तुती टपाटप ताटांत पडायच्या. बिनिच, बेलोदेदिच. चौथा मिहायलोविच, तो चिकांचा. पाचवा पान्चेव आजींचा, आणि आजी डोळे मिटून घ्यायच्या. निकाल ५-३, इतकी वर्षं ठाऊक, तरी मिटायच्या. "बघितलं आणि हुकलं तर?"

२०१८ च्या शेवटी मी कोल्हापूरला परतलो. तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर बसतो. त्यांची रात्रीची साडेनऊ म्हणजे आमचा एक. बायको म्हणते, निकाल बदलणार आहे का? डिसेंबर २०२२ मध्ये सिनिशा मिहायलोविच गेला, त्रेपन्न वर्षांचा. पुढच्या मे महिन्यात चौथ्या पेनल्टीला पहिल्यांदाच कोणीतरी कॅसेट थांबवली. चिका काठी टेकत उठले, ग्लासातली थोडी राकिया तुतीच्या बुंध्याशी ओतली. गेलेल्यासाठी तिकडे अशी ओततात. मग बसले आणि म्हणाले, "चालू कर, त्याला मारू दे."

त्यानं मारली. आजींनी डोळे मिटले. पडदा अडखळला, आमच्याकडची लाईट गेली होती.