डबल बेल

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या फेलोशिपचे पहिले चार महिने मी फक्त कॅमेरा धरला. एमएस, म्हणजे सर्जन झालेली मी. सरकारी सेवेच्या बाँडच्या वर्षात तालुक्याच्या गावी रात्री-अपरात्री फुटलेली अपेंडिक्स, भोक पडलेली आतडी, सगळं पोट उघडून केलेलं. आणि इथे परळच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, उभं राहून दुसऱ्याला दाखवायचं काम.

"शिकायला गेलीस ना गं? मग तिथे करतेस काय?" बाबांनी विचारलं. ते बेस्टमधून निवृत्त झालेले ड्रायव्हर. मी सगळं सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे कंडक्टर. डेपोत गाडी रिव्हर्स घेताना आमचा कंडक्टर उतरून मागे उभा राहायचा. त्याचं लक्ष नसलं की ठोकलीच गाडी."

चुकीचं काहीच नव्हतं त्यात. आमच्या दुर्बिणीची नजर तीस अंशात तिरकी असते. कॅमेऱ्याचं डोकं एका हाताने सरळ धरायचं आणि दुसऱ्या हाताने लाइटची केबल फिरवत राहायचं. केबल वर गेली की नजर खाली जाते. डोकं जरा कलंडलं की स्क्रीनवरचं यकृतही कलंडतं. सर त्यावर एक शब्द बोलायचे नाहीत. यकृत जितकं तिरकं, तितकी मान तिरकी करून उभे राहायचे. दोन मिनिटांनी सिस्टर हसायच्या, मग मला कळायचं. काचेवर वाफ धरली की दुर्बीण बाहेर काढून थर्मासमधल्या गरम सलाइनमध्ये बुडवायची, पुसायची, परत आत. एका केसमध्ये हे मी अकरा वेळा केलं. सरांनी मोजलं होतं.

हात वळावा म्हणून घरी डबा केला. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्याला दोन भोकं, आत टॉर्च, वर मोबाइल, आणि ओटीतून भंगारात निघालेलं, बिजागरी ढिली झालेलं एक मेरीलँड, म्हणजे वाकड्या टोकाचा लांब चिमटा. लालबागच्या दहा बाय बारात हे सगळं जेवणाच्या वेळी पसरलेलं. पोटाच्या भिंतीतून गेलेलं हत्यार तरफेसारखं चालतं, हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे. शिवाय स्क्रीनवर खोली कळत नाही, सगळं सपाट. मी मटकीचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकत बसायचे. आई म्हणाली, "टाकतेच आहेस तर खडेही निवड." पुढे द्राक्षाची साल काढायला लागले. पहिल्या आठवड्यात सोललेल्या द्राक्षांपेक्षा चिरडलेली जास्त, ती बाबांनी खाल्ली.

एक मनातलं सांगते. तीन-चार दिवसांचा कोर्स करूनही नावापुढे अक्षरं लावता येतात. कोर्स वाईट नसतात, मीही एक केलाय. पण एफएनबी, म्हणजे मी करतेय ती फेलोशिप, दोन वर्षांची असते ती उगाच नव्हे. पाटी वाचून पोट सोपवणाऱ्या माणसाला यातला फरक कळायचा कसा?

पाचव्या महिन्यात पित्ताशय हातात आलं. आता सर कॅमेऱ्यावर, मी हत्यारांवर. पोटात कार्बन डायऑक्साइड भरलेला. हा वायू पेट घेत नाही आणि रक्तात चटकन विरतो, म्हणून तोच. आणि सरांचा ठरलेला प्रश्न: "दोन नळ्या दाखव." अमेरिकन सर्जन स्ट्रासबर्ग यांनी 1995 मध्ये मांडलेला नियम. यकृत आणि पित्ताशयामधला त्रिकोण चरबी काढून साफ करायचा, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सोडवायचा, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोन, फक्त दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत: त्याची नळी आणि त्याची रक्तवाहिनी. त्याआधी क्लिपला, म्हणजे कापण्याआधी नळी बंद करणाऱ्या चिमट्याला, हात लावायचा नाही. कारण घाईत जी बारीक नळी म्हणून कापाल, ती मुख्य पित्तनलिका निघू शकते.

एका कोळीण मावशींच्या पोटात हा त्रिकोण उघडेचना. जुन्या सुजेने सगळं दगडासारखं चिकटलेलं. पाऊण तास झाला. मला एक नळी दिसत होती, मी क्लिप मागितली. सर म्हणाले, "मागे यकृत दिसतंय?" नव्हतं दिसत. "मग?" मी थोडा वेळ अजून कोरलं आणि हत्यारं बाहेर काढली. सिस्टरना म्हटलं, "उघडतोय."

यातली गंमत अशी. सर्जन तेहमटन उडवाडिया यांनी 1990 मध्ये मुंबईच्या जेजे रुग्णालयात देशातलं पहिलं पित्ताशय दुर्बिणीने काढलं, तेव्हा त्या पिढीचे हात उघड्या पित्ताशयांवर तयार झालेले होते. आमचं उलटं. अपेंडिक्स मी ढिगाने उघडून केली, पित्ताशय उघडून काढताना त्याआधी मोजून तीनदा पाहिलं होतं. म्हणजे जेव्हा सगळ्यात अवघड असतं, तेव्हाच आम्हाला सवय नसलेली वाट धरावी लागते. बरगडीखाली वीतभर छेद घेतला. सर माझ्या समोर आले, आणि बरंचसं त्यांनीच केलं.

घरी सांगितलं तर बाबा एवढंच म्हणाले, "गाडी थांबवायची सिंगल बेल कोणी मारली? तू की त्यांनी?"

मी म्हटलं, "मी. पण उशिरा."

तिसऱ्या दिवशी राउंडला मावशी उठून बसल्या होत्या. पोटावरची पट्टी बघत म्हणाल्या, "चार भोकं म्हणाली होतीस ना गं?" मी पुन्हा सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं. माशांची पाटी कधी उचलू?"

"दीड महिना नाही."

"आणि भोकांवर भागलं असतं तर?"

"पंधरा दिवस."

त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून बोटांवर मोजायला लागली.