स्नो ब्लोअरचा ऑगर बेल्ट बदलताना: माझा अनुभव

स्नो ब्लोअर म्हणजे दारातला बर्फ उचलून लांब फेकणारं यंत्र. त्यातून बर्फ लांब जाईनासा झाला की बहुतेक जण आधी इंजिनाला दोष देतात. मी आधी आवाज ऐकतो. मिनेसोटात नगरपालिकेचा रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा नांगर ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो ओला, जड ढीग लोटून जातो, त्यात यंत्र घातलं की इंजिनावर भार यायलाच हवा. इंजिन आरामात गुणगुणतंय आणि बर्फ मात्र चार-पाच फुटांवर पडतोय, तर इंजिन ठीक आहे, बेल्ट घसरतोय. जळक्या रबराचा वास आला की शंकाच उरत नाही.

टू-स्टेज यंत्रात ऑगर, म्हणजे पुढचा स्क्रूसारखा भाग, बर्फ आत ओढतो आणि मागचा पंखा तो चूटमधून, म्हणजे वरच्या नळीतून, बाहेर फेकतो. त्यात इंजिनाच्या शाफ्टवर साधारणपणे दोन खाचा असतात. बाहेरच्या खाचेतला बेल्ट पंखा आणि ऑगर फिरवतो, इंजिनाच्या अंगाचा बेल्ट चाकांचा. ऑगरच्या बेल्टला एरवी ताण नसतोच. हँडलवरची दांडी दाबली की केबल आयडलरला, म्हणजे बेल्टला ताण देणाऱ्या छोट्या पुलीला, ओढते, आयडलर बेल्टच्या पाठीवर रेलतो आणि बेल्ट खाचेत आवळला जातो. दांडी सोडली की आयडलर मागे सरतो आणि खालच्या, पंख्याच्या मोठ्या पुलीवर ब्रेक बसतो. म्हणजे क्लचचं कामही हाच बेल्ट करतो, आणि तो का खराब होतो याची बहुतेक कारणं इथेच सापडतात.

म्हणून जुना बेल्ट फेकण्याआधी मी तो उजेडात फिरवून बघतो. दोन्ही कडा सगळीकडे सारख्या काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील, तर ताण कमी पडत होता: केबल सैल किंवा स्प्रिंग थकलेली. एकाच जागी जळून खळगा पडला असेल, तर पंखा अडकलेला असताना दांडी दाबली गेली. आदल्या दिवशीचं पाणी रात्रीत गोठून पंखा घट्ट बसतो; वरची, इंजिनाची पुली बेल्टला घासत फिरत राहते आणि काही सेकंदांत तेवढा भाग करपतो. बर्फाखाली दडलेलं वर्तमानपत्र किंवा पायपुसणं गिळलं तरी हेच होतं. शिअर पिन, म्हणजे जास्त भार आला की मुद्दाम तुटणाऱ्या पिना, ऑगरच्या गिअरबॉक्सला वाचवतात, पंख्याला नाही. पंखा अडकला की सगळा मार बेल्टवरच. फक्त एक कड उसवली असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत. पाठ भाजल्यासारखी दिसली तर आयडलरचं बेअरिंग धरलंय. कारण न शोधता घातलेला नवा बेल्ट त्याच हिवाळ्यात जातो.

बेल्ट विकत घेताना इंजिनाचा नव्हे, यंत्राच्या फ्रेमवरच्या पट्टीवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर लागतो. जुना बेल्ट मोजून नवा आणू नये. तो ताणून लांबलेला असतो. हार्डवेअरच्या दुकानातला त्याच मापाचा साधा व्ही-बेल्ट बसतो खरा, पण हा बेल्ट आयडलरवर उलटा वाकतो आणि प्रत्येक वेळी घसरत पकड घेतो. त्यासाठी आत अरामिडचा, म्हणजे केवलारसारख्या मजबूत धाग्याचा, दोरा आणि बाहेर कापडी वेष्टन असलेला बेल्ट हवा. इथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

आता खोलणं. इंजिन गार, किल्ली बाहेर, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला. यंत्र तोंडावर उभं करायचं असेल तर टाकीतलं पेट्रोल काढून घ्यावं. ३/८, ७/१६ आणि १/२ इंची सॉकेट, लांब चोचीची पक्कड आणि लाकडाचे दोन ठोकळे एवढ्यात बहुतेकदा भागतं. चूटचा दांडा आडवा येत असेल तर तो सोडवायचा, मग बेल्टवरचं प्लास्टिकचं झाकण. झाकण निघालं की लगेच फोटो काढतो, कारण बेल्ट आयडलरच्या कोणत्या अंगाने जातो हे नंतर हमखास विसरायला होतं.

इंजिनाच्या पुलीभोवती बेल्ट उडू नये म्हणून लावलेले कीपर असतात. ते सैल करून बाजूला फिरवले की बेल्ट बाहेरच्या अंगाला ढकलत स्टार्टरची दोरी हळूहळू ओढायची. बेल्ट आपोआप खाचेतून उतरतो. ढकलायला लाकडाची काडी वापरा, बोटं नकोत.

खालच्या पुलीपाशी यंत्रायंत्रांत फरक पडतो. काहींमध्ये ऑगरचा डबा आणि इंजिनाची फ्रेम यांना जोडणारे वरचे बोल्ट काढून खालचे सैल केले की यंत्र मधोमध उघडतं. त्याआधी दोन्ही बाजूंना ठोकळे लावा आणि ऑगरची केबल सोडवा, नाहीतर हँडल धाडकन खाली येतं आणि केबल ताणली जाते. काहींमध्ये यंत्र तोंडावर उभं करून तळाचा पत्रा काढला की काम होतं, बोल्ट उघडावे लागत नाहीत. दोन्हीकडे ब्रेकचा हात पुलीला टेकलेला असतो. तो मागे ओढून धरल्याशिवाय बेल्ट सुटत नाही. इथे स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून पुलीची कड वाकवू नये. वाकलेली कड नवा बेल्ट कापते.

चाकांचा बेल्टही जुना असेल तर तोही आत्ताच बदलावा, कारण त्याच्यापर्यंत पोचायला ऑगरचा बेल्ट काढावाच लागतो. मात्र चाकं जोर धरत नसतील तर बऱ्याच यंत्रांत दोष बेल्टचा नसून चाकांना गती देणाऱ्या रबरी फ्रिक्शन डिस्कचा असतो: रबर झिजलेलं किंवा तबकडीवर ग्रीस सांडलेलं.

सगळं उघडं आहे तोवर खाचेत चिकटलेलं रबर तारेच्या ब्रशने काढतो, आयडलर हाताने फिरवून खरखर ऐकतो, इंजिनाच्या पुलीचा स्क्रू आवळलेला आहे ना ते बघतो. सरळ पट्टी धरून दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, तेही.

जोडणी उलट्या क्रमाने. कीपर बसवताना ऑगरची दांडी दाबून बांधून ठेवायची आणि बेल्टपासून सुमारे ३ मिलिमीटर अंतर ठेवायचं. जास्त ठेवलं तर सैल बेल्ट उडतो, टेकलं तर घासतो.

मग केबल. नव्या बेल्टवर केबल जास्तच ओढून ठेवण्याचा मोह होतो. पण दांडी सोडलेली असताना केबलमध्ये थोडी ढील हवीच. ती नसेल तर ब्रेक पूर्ण बसत नाही आणि दांडी सोडल्यावरही ऑगर रेंगाळत फिरतो. हे धोक्याचं आहे. यंत्र मोकळ्या जागी चालू करून दांडी दाबायची, सोडायची: ऑगर पाच सेकंदांच्या आत थांबला पाहिजे. थांबत नसेल तर यंत्र वापरू नये. आणि पंखा अडकला तर इंजिन बंद असतानाही चूटमध्ये हात घालू नका. बेल्टमध्ये ताण साठलेला असू शकतो आणि अडथळा सुटताच पंखा झटक्याने फिरतो. यंत्रासोबत मिळालेली प्लास्टिकची काठी त्यासाठीच असते.

नवा बेल्ट पहिल्या काही तासांत खाचेत बसून थोडा सैल होतो, तेव्हा केबल पुन्हा एकदा तपासावी लागते. रोजचं काम संपल्यावर यंत्र गॅरेजमध्ये नेण्याआधी ऑगर मिनिटभर रिकामा फिरवून आतला ओला बर्फ बाहेर काढतो, आणि दुसऱ्या दिवशी इंजिन चालू करण्याआधी स्टार्टरच्या दोरीने पंखा मोकळा आहे का ते पाहतो: किल्ली काढायची, दांडी दाबून धरायची, दोरी हलकेच ओढायची. दोरी अडली तर यंत्र थोडा वेळ उबेत ठेवायचं.