गायरानाची रेघ

गायरानाची हद्द मोबाइलवर दिसली पाहिजे, म्हणजे कुणी अतिक्रमण केलं की जागेवरच दाखवता येईल, अशी ग्रामपंचायतीची मागणी होती. गावनकाशा स्कॅन करायचा, अक्षांश-रेखांशावर बसवायचा, हद्द गिरवून केएमएल फाइल, म्हणजे फोनच्या नकाशावर उघडणारी फाइल, द्यायची. यातलं बसवणं हीच डोकेदुखी. जुन्या गावनकाशावर अक्षांश-रेखांश नसतातच. 33 फुटी शंकू साखळीनं मोजून काढलेला तो कागद, त्यात घड्या पडून एका अंगानं जास्त आकसलेला. जमिनीशी त्याचं नातं जोडतात ते फक्त हद्दीचे दगड.

माण तालुक्यातल्या या गावात तीन शिवांवरचा दगड घाणेरीच्या जाळीत गाडला गेला होता. दाखवला एका गुराख्यानं. दप्तर सांभाळणाऱ्यांपैकी कुणालाच तो ठाऊक नव्हता. रोव्हरची, म्हणजे अचूक जीपीएस यंत्राची, काठी दगडावर धरली, पातळीचा बुडबुडा मधोमध आणला, ‘फिक्स’, म्हणजे जागेचं पक्कं माप, मिळाला. दोनेक सेंटिमीटरचा फरक, बस्स. सापडले तेवढे दगड धरून नकाशा बसवला, तरी कागद आणि जमीन यांच्यात कुठे दोन मीटर, कुठे चार मीटर ओढ राहिलीच. ही ओढ यंत्राची नव्हे, कागदाची. इंचाला 20 साखळ्या, म्हणजे 660 फूट, अशा मापाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघच जमिनीवर चार मीटर रुंद होते!

म्हणून मी मधल्या रेघेच्या दोन्ही अंगांना चार-चार मीटरचा पट्टा आखला. पट्ट्यात काही आलं तर भूमी अभिलेखची मोजणी मागवा, फोनवर ठरवू नका, असं फाइलमध्येच लिहिलं. काम चोख होतं. आवडलं कुणालाच नाही. “हद्द कधी आठ मीटर जाड असते का?” म्हणून ग्रामसेवक हसले. फी भरा, लगतच्या खातेदारांना नोटिसा जाऊ द्या, तारखेची वाट बघा, एवढा खटाटोप कोण करणार? पट्टा उडवून नुसती लाल रेघ सगळ्या सदस्यांच्या फोनवर फिरली.

रेघ गेली एका म्हाताऱ्या बाबांच्या गोठ्यातून, गव्हाणीला लागून. साध्या फोनचा जीपीएस उघड्यावरही तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. पत्र्याखाली तर विचारूच नका. मी गेलो तेव्हा एक सदस्य गोठ्यात फोन धरून उभा होता. निळा ठिपका घटकेत गायरानात, घटकेत बाबांच्या गटात.

“साहेब, ठिपका हिकडं आला की गोठा माझा, आन् तिकडं गेला की सरकारचा, असं हाय का?” बाबांनी मला विचारलं.

“बाबा, उपग्रहाला काय कळत न्हाय व्हय?” सदस्यानंच उत्तर दिलं.

उपग्रहाला त्या दगडाचा पत्ताच नाही, हे मी सांगत बसलो. ऐकलं फक्त बाबांनी.

बाबांच्या नावानं अतिक्रमणाची नोटीस निघाली आहे. मोजणीची फी आता बाबाच भरणार म्हणे. रेघ मागवली पंचायतीनं, आणि भुर्दंड यांना. पुढच्या गावाला मधली रेघ द्यायचीच नाही, दोन कडा तेवढ्या द्यायच्या, असं मनात आहे. पण मग ज्याला जी कड सोयीची, तीच तो हद्द म्हणून दाखवणार, अशीही धास्ती वाटते.