८०८५ इम्युलेटर: घोडं अडलं ते डीएएवर

पायथॉनमध्ये ८०८५चा (इंटेलच्या जुन्या आठ-बिटी प्रोसेसरचा) इम्युलेटर, म्हणजे त्याची नक्कल करणारा प्रोग्राम, लिहायला घेतलात, तर २४६ ओपकोडपैकी (सूचनांच्या आकड्यांपैकी) २४५ना मिळून जेवढा वेळ द्याल तेवढाच एकट्या डीएएसाठी राखून ठेवा. दर चार बिटांत एक दशमान अंक ठेवून केलेल्या बेरजेचं हेक्स उत्तर दशमानात दुरुस्त करणारी ही सूचना. मला तेवढाच लागला.

बाकीचं सरळ आहे. मेमरीला ६५,५३६ बाइटचा बाइटअ‍ॅरे, ओपकोडवरून फंक्शन उचलायला २५६ खणांची यादी. इफ-एल्सची उतरंड लावू नका, फार हळू चालते. आयएनआर-डीसीआर (एकने वाढवणं-कमी करणं) कॅरीला, म्हणजे हातच्याच्या फ्लॅगला, हात लावत नाहीत, डीएडी (१६ बिटी बेरीज) फक्त कॅरी बदलतं. एवढं पाळलं की कॉलेजच्या लॅब जर्नलमधले बहुतेक प्रोग्राम चालतात.

आता डीएए. आमच्याकडे सांगलीत जर्नलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या उतरवलेली ओळ अशी: खालचा निबल (चार बिट) ९ पेक्षा मोठा किंवा एसी (खालच्या निबलमधून वर गेलेल्या हातच्याचा फ्लॅग) १ असेल तर ६ मिळवा; वरचा ९ पेक्षा मोठा किंवा कॅरी १ असेल तर हेक्स ६० मिळवा. वरचा निबल म्हणजे कुठला, आधीचा की ६ मिळवल्यानंतरचा? ते कोणी लिहीतच नाही. ४५ अधिक ५५ केलं की अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे उत्तर जिथे येतं त्या रजिस्टरमध्ये, हेक्स ९ए येतं. आधीचा ९ धरला तर उत्तर ए०. नंतरचा ए धरला तर ०० आणि कॅरी १, म्हणजे बरोबर शंभर.

पुढे ७९ अधिक ८१, म्हणजे एफए. त्यात ६ मिळवले की हेक्स १००. पायथॉनचा पूर्णांक आठ बिटांवर थांबत नाही, म्हणून सवयीने लगेच एफएफचा मास्क लावला (खालचे आठ बिट ठेवून बाकी टाकले) की कॅरी गेली, आणि १६०च्या जागी शून्य! मी शेवटी दोन्ही अटी मूळ आकड्यावरच तपासल्या: खालच्यासाठी तीच अट, वरच्यासाठी ‘हेक्स ९९ पेक्षा मोठा किंवा कॅरी १’. दुरुस्ती एकदाच मिळवायची, मास्क सगळ्यात शेवटी. आधीची कॅरी १ असेल तर डीएए ती पुसत नाही. ९९ अधिक ९९ला हे कळतं.

० ते ९९च्या सगळ्या जोड्या, म्हणजे १०,००० बेरजा, बरोबर आल्या. तरी ८०८०ची (८०८५च्या आधीच्या प्रोसेसरची) एक्झरसायझर टेस्ट, म्हणजे सूचना तपासणारा तयार प्रोग्राम, नापासच. ती डीएए, सीएमए, एसटीसी, सीएमसी या चार सूचनांचा मिळून एकच सीआरसी (ताळ्याचा आकडा) देते. चोर कोण ते सांगत नाही. चोर होता डीएए नंतरचा एसी फ्लॅग. ६ मिळवले म्हणून एसी १ होत नाही, बिट ३ मधून खरोखर हातचा गेला तरच होतो. ०९ अधिक ०९ केल्यावर १२ आणि एसी १; डीएए नंतर १८ आणि एसी ०. बेरजेच्या उत्तरात ही चूक दिसतच नाही.

लॅबचा किट (खऱ्या ८०८५चा बोर्ड) मिळाला तर पडताळा: एसपी (स्टॅक पॉइंटर) लोड करून हे हेक्स कोड चालवा: ३ई ०९ सी६ ०९ २७ एफ५ ई१, मग एल रजिस्टरमधला बिट ४ बघा, तोच एसी. बिट १, ३, ५ सोडून द्या. मध्येच लाइट गेली आणि किटला बॅटरी नसेल, तर सगळं परत टाइप.

हो, टेस्ट ०१०० पत्त्यावर लोड होते आणि छपाईसाठी ०००५ला कॉल करते. तिथे छपाई इम्युलेटरनेच करायची: सी रजिस्टरमध्ये ९ असेल तर डीई मधल्या पत्त्यापासून डॉलर चिन्हापर्यंत छापा, २ असेल तर ई मधलं एक अक्षर. अ‍ॅन्ड सूचनेला ८०८५ एसी नेहमी १ करतो, ८०८० तसं करत नाही, म्हणून टेस्टपुरता ८०८० मोड ठेवा. पूर्ण टेस्ट सुमारे २९० कोटी इन्स्ट्रक्शनची आहे. सेकंदाला १० लाख जमल्या तरी पाऊण तासाच्या वर जातो, तेव्हा ती पायपायवर (पायथॉनच्या वेगवान आवृत्तीवर) चालवा.