स्टुटगार्टची माती आणि माझी एक जुनी नोंद

२१ एप्रिल २०२५, सोमवार

आज जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या महिला टेनिस स्पर्धेचा अंतिम सामना पाहिला. येलेना ओस्तापेन्कोने जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर असलेल्या आरिना सबालेन्काला ६-४, ६-१ असे हरवले आणि आठवडाभर कोर्टाच्या कडेला झळकत असलेली बक्षिसाची मोटार जिंकली. सबालेन्का या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पराभूत होण्याची ही चौथी वेळ होती. २०२१ मध्ये तिला अ‍ॅश बार्टीने, तर २०२२ आणि २०२३ मध्ये इगा श्वियाँतेकने अडवले होते. मोटारीच्या बाबतीत या स्पर्धेची एक गंमत आहे. १९७८ मध्ये स्टुटगार्टजवळच्या फिल्डरस्टाट येथे ती पहिल्यांदा भरली, तेव्हा विजेती ट्रेसी ऑस्टिन अवघी १५ वर्षांची होती. बक्षीस मिळाले, पण ते चालवण्याचे वय तिला अजून गाठायचे होते.

क्ले कोर्टच्या, म्हणजे मातीच्या मैदानावरच्या टेनिसविषयी माझ्या दोन समजुती इतक्या पक्क्या होत्या, की त्या समजुती आहेत हेही मी विसरले होते. पहिली, मातीवर चेंडूची खूण उमटते, त्यामुळे तिथे वाद फार वेळ टिकत नाही. दुसरी, मातीवर धीर धरणारी खेळाडू जिंकते. या एका आठवड्यात दोन्ही डळमळीत झाल्या.

पहिलीचे निमित्त उपान्त्यपूर्व सामन्याचे. एलिझ मर्टेन्सचा एक फटका यंत्राने आत धरला. सबालेन्काला मातीवरची खूण रेषेबाहेर दिसत होती, म्हणून तिने पंचांना खाली येऊन ती पाहण्याची विनंती केली. पंच खुर्चीवरून उतरल्या खऱ्या, पण रेषांचे निर्णय यंत्राकडे सोपवलेल्या सामन्यात खुणेवरून निकाल फिरवण्याची मुभाच त्यांना नव्हती. तेव्हा सबालेन्काने आपला मोबाइल आणला, खुणेचे छायाचित्र काढले आणि त्याबद्दल ताकीदही ओढवून घेतली. मी तेव्हा उघडपणे तिच्या बाजूची होते. डोळ्यांसमोर पुरावा असताना यंत्राचे कशाला ऐकायचे, असे मला वाटले.

रात्री शांतपणे विचार केल्यावर मात्र माझा आवेश थोडा ओसरला. क्ले कोर्टचा तांबडा थर विटांच्या भुकटीचा असतो आणि तो जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्याखाली चुनखडीच्या दगडाचा घट्ट थर असतो. भुकटी एखाद्या जागी जास्त साचली, दुसरीकडे झाडली गेली किंवा पाण्याने दबली, तर सारख्याच चेंडूची खूण वेगवेगळ्या आकाराची उमटते. शिवाय चेंडू टेकताना चपटा होतो, किंचित घसरतो आणि पुढची भुकटी ढकलतो. म्हणजे खूण ही चेंडूची नव्हे, चेंडू आणि मातीच्या झटापटीची असते. तरीही पंचांनी वाकून बोट दाखवावे आणि दोन्ही खेळाडूंनी मान डोलवावी, हा या खेळातला एक सुंदर रिवाज होता आणि तो जाताना पाहून मला वाईट वाटते, हे इथे लिहून ठेवते. पॅरिसमध्ये, मातीवरच होणाऱ्या फ्रेंच ओपनमध्ये, अजून रेषेवर माणसे उभी असतात, तेवढाच दिलासा.

दुसरी समजूत मोडण्याचे काम ओस्तापेन्कोने केले. मातीवर चेंडूचा वेग घर्षणाने कमी होतो आणि उसळी वाढते. त्यामुळे सिमेंटच्या कोर्टवर जो फटका सरळ गुण मिळवून देतो, तो इथे परत येतो आणि तोच गुण पुन्हा पहिल्यापासून जिंकावा लागतो. घसरत चेंडूपर्यंत पोहोचणारी, टॉपस्पिनने, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देऊन, तो प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यापर्यंत उडवणारी श्वियाँतेक चार वेळा फ्रेंच ओपन जिंकते, ते याचमुळे. ओस्तापेन्को यातले काहीच करत नाही. ती बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेच्या, आत सरकते, उसळी पुरती वर येण्याआधीच चेंडू गाठते आणि सपाट फटक्याने तो रेषेजवळ मारते. बसला तर गुण, नाही तर चूक. श्वियाँतेकलाही तिने याच आठवड्यात तीन सेटमध्ये हरवले. त्या दोघी मातीवर प्रथमच समोरासमोर आल्या होत्या आणि तरीही ओस्तापेन्कोचा श्वियाँतेकवरचा हा सलग सहावा विजय ठरला.

अर्थात स्टुटगार्टची माती साधी नाही. ही स्पर्धा २००९ पासून क्ले कोर्टवर, पण छताखाली होते. वारा नाही, ऊन नाही, पाऊस तर नाहीच. उघड्यावर वाऱ्याची एक झुळूक आली तरी अशा फटक्याचा अंदाज चुकतो आणि पाऊस पडून गेला की चेंडू जड होतो. छताखाली मात्र चेंडू जिथे यायला हवा तिथेच येतो. त्यामुळे जोखीम घेणारीला इथे एक प्रकारची हमी मिळते. जोरकस फटके मारणारी मारिया शारापोव्हा निव्वळ संयमाच्या बळावर इथे २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वेळा जिंकली, असे तर मीही कधी म्हटले नव्हते. मग माझी समजूत टिकली कशी, याचेच आता नवल वाटते.

छताचे कारण सापडले म्हणून मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडत होते, तेवढ्यात पॅरिस आठवले. तिथे तर छताखाली खेळ नव्हता. जुनी वही काढली. १० जून २०१७, शनिवार. मानांकन नसलेल्या २० वर्षांच्या ओस्तापेन्कोने पहिला सेट गमावूनही सिमोना हालेपला ४-६, ६-४, ६-३ असे हरवून फ्रेंच ओपन जिंकले, त्या दिवशीची नोंद. अंतिम सामन्यात तिचे विजयी फटके ५४ होते आणि स्वतःहून केलेल्या चुकाही ५४. हे आकडे मी नीट अधोरेखित केले होते आणि खाली एकच वाक्य लिहिले होते : ‘आज नशीब बेफाम होते, मातीवर असे पुन्हा होणार नाही.’

ते वाक्य खोडले नाही. त्याच्या शेजारी, समासात, आजची तारीख लिहिली.